समुद्रातील प्लवक व डॉ. अदिती पंत

तापीमाईचा उगम मुलताईस आणि संगम सुरतेजवळ अरबी समुद्रास, हे खानदेशातील शाळकरी मुलासही पाठ असते. धुळ्याची पांझरा, जळगावकडील गिरणा, अमळनेरची बोरी या साऱ्या तापीसच मिळतात. म्हणजे पावसाळ्यात आपल्या शिवारातून वाहून जाणारी काळी माती अखेर समुद्रासच अर्पण होते. ती तेथे जाऊन काय करते, हे मात्र आम्ही वर्गात शिकविलेल्या भूगोलाच्या पुस्तकात नव्हते. त्या गाळाबरोबर जे क्षार जातात, त्यांवर डोळ्यांस न दिसणाऱ्या अगणित वनस्पती समुद्रात वाढतात. त्यांना खाऊन सूक्ष्म प्राणी जगतात, त्या प्राण्यांवर लहान मासे आणि लहानांवर मोठे. प्रवाहाबरोबर तरंगत जाणाऱ्या या साऱ्या जीवांस मराठीत प्लवक म्हणतात. व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1887 साली त्यांस ‘प्लँक्टन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ भटकणारा. आठवड्याच्या बाजारात सुकट म्हणून जो जवळा विकावयास येतो, तोही या प्लवकांवरच पोसलेला. पृथ्वीवर सूर्यप्रकाशापासून जेवढे अन्न तयार होते, त्यापैकी सुमारे निम्मे समुद्रातील या वनस्पती करतात, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

या विषयास आयुष्य वाहणाऱ्या एका मराठी विदुषीचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे बरेच दिवस मनात होते. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरील व्यक्तीचे चरित्र कशास, असा प्रश्न कोणी करील. विद्येला ज्ञात नसते, एवढेच आमचे उत्तर आहे.

डॉ. अदिती पंत यांचा जन्म 1943 साली नागपूर येथे झाला. सूर्यनमस्काराचे थोर पुरस्कर्ते औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी हे त्यांचे आजोबा. वडील अप्पासाहेब पंत हे स्वतंत्र भारताचे नामांकित राजदूत, तर मातोश्री नलिनीबाई डॉक्टर. घरची अनुकूलता होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि राजघराण्यातील किती मुली समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या मोजीत बसल्या, याचाही विचार व्हावा. पुणे विद्यापीठात बी.एस्सी. झाल्यावर सर ॲलिस्टर हार्डी यांचा ‘द ओपन सी’ हा ग्रंथ त्यांच्या हाती पडला आणि जन्माची दिशा ठरली. हा ग्रंथ प्लवकांविषयीचाच. पुढे अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई विद्यापीठात गेल्या.

तेथील त्यांचा विषय आपल्या बागायतदारांना चटकन समजेल असा आहे. वनस्पतीला ऊन हवे, पण किती? वैशाखात केळीची पाने करपतात. म्हणून आपण बागेभोवती शेवरी लावून उन्हाच्या झळा अडवितो. उष्ण कटिबंधातील समुद्रातही तसेच घडते. भर दुपारी पृष्ठभागावरील प्रखर उजेडाने प्लवकांचे अन्न करण्याचे काम मंदावते, आणि काही खोलीवर, जेथे उजेड सौम्य असतो, तेथे ते जोमाने चालते. हे मोजण्याची एक रीत अशी, की समुद्राचे पाणी बाटल्यांत भरून त्यात किरणोत्सारी कार्बनचा अत्यल्प अंश घालावयाचा, बाटल्या निरनिराळ्या खोलीवर टांगावयाच्या, आणि वनस्पतींनी त्यातील किती कार्बन आत घेतला ते नंतर पाहावयाचे. स्टीमन नील्सन या डॅनिश शास्त्रज्ञाची ही युक्ती 1952 साली प्रसिद्ध झाली. निसर्गातील प्लवकसमूहांवर उष्ण कटिबंधातील उजेडाचा काय परिणाम होतो, हाच अदितीबाईंच्या अभ्यासाचा गाभा होता. पुढे लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

इकडे हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम 1965 साली संपली होती. तीत गोळा झालेल्या प्लवकांची वर्गवारी कोचीन येथे झाली. या मोहिमेच्या पोटीच 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. गोव्यातील दोना पावला हे तिचे ठाणे. संस्थेचे पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर यांच्या भेटीमुळे अदितीबाई परदेशातील मार्ग सोडून स्वदेशी परतल्या आणि गोव्यास रुजू झाल्या. पश्चिम किनाऱ्यावर त्यांनी पुष्कळ पायपीट केली.

आता मुख्य घटना. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तीत एकही स्त्री नव्हती. तिसऱ्या मोहिमेत अदितीबाई व भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी निवडल्या गेल्या. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली ‘फिनपोलारिस’ हे जहाज 3 डिसेंबर 1983 रोजी गोव्याहून निघाले. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून या दोघींची नोंद झाली. त्याच वेळी ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले ठाणे तेथे उभारले गेले. पुढे पाचव्या मोहिमेतही अदितीबाई गेल्या. दक्षिण महासागरातील अन्नसाखळी हा त्यांचा तेथील विषय. सूक्ष्म वनस्पती, त्यांवर जगणारे क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव, आणि त्या क्रिलवर पोसणारे अजस्र देवमासे!

‘बी.एस्सी. करू द्या, पुढे मात्र गावाबाहेर नको,’ हे वाक्य आम्ही जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत नोकरीच्या साऱ्या काळात ऐकत आलो. ऐकविणारे पालक वाईट नव्हते; भीती खरी होती. परंतु ज्या मुलींविषयी ते बोलत, त्यांतील दोघी-तिघी वर्गात पहिल्या असत आणि पुढे त्यांचे नाव फक्त लग्नपत्रिकेत वाचावयास मिळे. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज वाचताना समितीने हे ध्यानी घ्यावे, अशी विनंती आहे.

गोव्यानंतर अदितीबाई पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या. विषय तोच, खाऱ्या पाण्याचा. खारटपणा सोसणाऱ्या, किंबहुना खारटपणावाचून न जगणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या विकरांवर त्यांनी तेथे काम केले.