रिमोट डेस्कटॉपवर स्क्रीन काळी, धूसर किंवा तुटक दिसते? दोष असा शोधा

श्रीरामपूर तालुक्यातल्या प्रवराकाठच्या बेलापुरात बसून पुण्याच्या ऑफिसमधला संगणक चालवणं आता अवघड राहिलेलं नाही. पण मध्येच स्क्रीन काळी पडते, अक्षरांभोवती रंग पसरतो, किंवा विंडो बंद केली तरी तिचा तुकडा तिथेच राहतो. बहुतेक जण लगेच इंटरनेटला दोष देतात. दर वेळी तसं नसतं.

हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे काय?

पलीकडच्या संगणकावर चित्र तयार होतं, ते कॉम्प्रेस होतं, नेटवरून येतं आणि तुमच्या संगणकावर पुन्हा उलगडतं. हे जड काम मुख्य प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपने केलं, की त्याला हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात. काम जलद होतं, पण दोन्हीकडचे ग्राफिक्स ड्रायव्हर नीट असावे लागतात.

आधी बाजू ठरवा

१. त्याच संगणकाला मोबाइलवरून जोडून पाहा. तिथे चित्र स्वच्छ असेल, तर दोष बहुधा तुमच्या संगणकात आहे.

२. पलीकडच्या संगणकावरच्या स्निपिंग टूलने स्क्रीनशॉट घ्या, स्वतःला मेल करा आणि मोबाइलवर उघडा. त्यातही बिघाड दिसला, तर चित्र तिथेच चुकीचं तयार होतंय. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर गडबड पुढच्या टप्प्यांत आहे.

लक्षण आणि उपाय (विंडोज १० आणि ११)

- स्क्रीन काळी, फक्त माउस दिसतो: कंट्रोल + ऑल्ट + एंड दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'विंडोज एक्सप्लोरर' रीस्टार्ट करा. तरीही वारंवार होत असेल, तर पलीकडच्या संगणकाच्या ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉपसाठी डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स ड्रायव्हर वापरण्याचा पर्याय 'डिसेबल्ड' करा. त्यानंतर तो संगणक रीस्टार्ट करावा लागतो. त्या वेळी ऑफिसात कोणीतरी असू द्या. तो चालू झालाच नाही, तर घरून काही करता येणार नाही.

- जुने तुकडे रेंगाळतात: रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या 'एक्सपीरियन्स' टॅबमध्ये 'पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग'वरची खूण काढा आणि पुन्हा जोडा.

- रंगीत अक्षरं धूसर दिसतात: एच.२६४ च्या ४:२:० पद्धतीत चार पिक्सेलना मिळून एकच रंग-माहिती पाठवली जाते. व्हिडिओत ते कळत नाही, पण लाल किंवा निळ्या बारीक अक्षरांतले अनुस्वार आणि मात्रा पुसट होतात. पलीकडच्या ग्रुप पॉलिसीत 'एव्हीसी ४४४' ला प्राधान्य दिलं, की अक्षरं रेखीव होतात. डेटा मात्र जास्त लागतो.

- चित्र मध्येच गोठतं: रिमोट डेस्कटॉप टीसीपीसोबत यूडीपीही वापरतं. काही राउटर किंवा व्हीपीएन यूडीपी नीट पुढे जाऊ देत नाहीत. तुमच्या संगणकाच्या ग्रुप पॉलिसीत 'टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट' सुरू करून फरक पाहा.

- अपडेटनंतरच त्रास सुरू झाला: ज्या बाजूला दोष सापडला, तिथल्या डिव्हाइस मॅनेजरमधून ग्राफिक्स ड्रायव्हर आधीच्या आवृत्तीवर न्या.

ग्रुप पॉलिसी एडिटर विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही. ऑफिसच्या संगणकात बदल करण्याआधी तिथल्या आयटी विभागाला विचारा. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

हे दुर्लक्ष करण्यासारखं का नाही?

स्क्रीनचा भाग ताजा झाला नाही, तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनाच आकडा दिसत राहतो. एंट्री झालीच नाही असं समजून माणूस ती पुन्हा करतो, आणि एकच रक्कम दोनदा नोंदली जाते. म्हणून स्क्रीन गोठल्याची शंका आली, की सेव्ह किंवा पेमेंटचं बटण दाबण्याआधी कनेक्शन तोडून पुन्हा जोडा. सेशन पलीकडे चालूच राहतं. फक्त 'साइन आउट' करू नका.

दुसरी काळजी फसवणुकीची. 'स्क्रीन दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला एनीडेस्कसारख्या अ‍ॅपचा कोड देऊ नका. अशा अ‍ॅपमधून बँक खाती रिकामी होण्याच्या धोक्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.