बाळाचा फोटो कोणाचा? : भोगवर्धन ते भोकरदन

साहित्याच्या अभ्यासकांना 'कर्ता कोण?' हा प्रश्न नवा नाही. प्रक्षिप्त ओव्या, निनावी पोथ्या, एकाच नावाचे दोन कवी यांविषयी आपण वर्षानुवर्षे वाद घालत आलो आहोत. छायाचित्राच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. बारसे, जावळ, बोरन्हाण, पहिला वाढदिवस अशा निमित्तांनी बाळाला स्टुडिओत नेऊन फोटो काढण्याची रीत मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांतही चांगली रुजली. एक प्रत घरच्या भिंतीवर, एक आजोळी, एक आत्याकडे. मग आणखी प्रत हवी झाली, की ती स्टुडिओतूनच घ्यावी, की कोठल्याही दुकानात त्या फोटोवरून दुसरा फोटो करून घ्यावा? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या मुळाशी श्रम, मोबदला आणि मालकी यांचा जुना तंटा आहे.

या तंट्याचा विचार भोकरदनपासून सुरू करण्यास एक कारण आहे. केळना नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. तेथे नाव कोरले गेले ते दान देणाऱ्याचे. दगड घडवणारा बहुतेक ठिकाणी अनामिक राहिला. सांचीच्या दक्षिण तोरणावरील एक लेख मात्र वेगळा आहे. तेथील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केले, असे तो सांगतो. भोकरदन येथे १९७३ साली झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला. पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तो जुळता असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्या मूर्तीचा कर्ता कोण, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. पैसा देणारा आणि हात चालवणारा, यांपैकी कृती कोणाची? कॅमेरा आला तेव्हा हा प्रश्न असा जुनाच होता.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांसारख्या मंडळींनी ही कला आरंभीच्या काळातच आत्मसात केली. भोकरदन तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला. घरातला चेहरा परक्याच्या काचेवर उमटतो आणि ती काच त्याच्याच कपाटात राहते, ही नवी परिस्थिती होती. त्या काळच्या पुठ्ठ्यांच्या पाठीवर 'निगेटिव्ह जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील' अशा आशयाचा मजकूर छापलेला आढळतो. तो केवळ सोयीचा निरोप नव्हता. पहिल्या प्रतीपेक्षा पुढच्या प्रतींवर धंदा उभा होता, याची ती खूण होती.

कायद्याने या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. इंग्लंडच्या १८६२ च्या कायद्यात छायाचित्राला संरक्षण मिळाले; परंतु मोबदला देऊन फोटो काढवून घेतला असेल, तर लेखी राखीव नसल्यास हक्क गिऱ्हाइकाकडे जाई. १८८८ साली पोलार्ड नावाच्या बाईंच्या फोटोचे नाताळपत्र करून ते फोटोग्राफरने दुकानात मांडले, तेव्हा इंग्लंडमधील न्यायालयाने त्याला मनाई केली. अमेरिकेत आधी दुसरी बाजू पुढे आली होती. नेपोलियन सरोनी यांनी काढलेल्या ऑस्कर वाइल्डच्या फोटोच्या ८५,००० प्रती एका कंपनीने परवानगीवाचून छापल्या. तेव्हा फोटोत बैठक, पोशाख, प्रकाश यांची योजना असते, म्हणून फोटो काढणारा हा कर्ताच होय, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८४ साली दिला.

आपल्याकडे १९१४ चा कायदा इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला होता आणि तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. तोवर मराठवाडा मुंबई राज्यात आलेला होता. या कायद्यातील दोन तरतुदी एकत्र वाचाव्यात. कलम २ प्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. कलम १७ प्रमाणे मात्र कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्कदार तो सांगणारा. म्हणजे पैसे देऊन बाळाचा फोटो काढवून घेणाऱ्या आईबापांनी आणखी प्रती करून घेतल्या तर ती चोरी ठरत नाही. उलट त्यांना न विचारता तो फोटो काचेच्या कपाटात जाहिरातीसाठी लावणारा दुकानदारच अडचणीत येऊ शकतो. मात्र जत्रेत किंवा समारंभात फोटोग्राफरने आपणहून काढलेला आणि नंतर विकलेला फोटो त्याचा. पावतीवर किंवा करारात हक्क राखून ठेवला असेल आणि ती अट आपण मान्य केली असेल, तरीही तसेच. आणि हक्क पालकांचा असला, तरी निगेटिव्ह किंवा मूळ फाइल हाती द्यावी, असे हे कलम सांगत नाही. तेवढे आधीच बोलून घ्यावे लागते.

इंग्लंडने १९८८ च्या कायद्यात मालकी छायाचित्रकाराकडे दिली आणि घरगुती फोटो परवानगीवाचून जगापुढे न आणण्याचा हक्क काढवून घेणाऱ्याला दिला. आम्हांला ही वाटणी अधिक न्याय्य वाटते. आपल्या कायद्याची भूमिका सांचीच्या दानलेखांसारखी आहे : देणाऱ्याचे नाव आधी. परंतु त्याच कायद्याचे कलम ५७ कर्त्याचे कर्तेपण राखते. हक्क दुसऱ्याकडे गेला, तरी ही कृती माझी असे म्हणण्याचा आणि तिची अप्रतिष्ठा करणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्राची वेगळी मुदत रद्द केली. आता तीही कर्त्याच्या आयुष्यभर आणि नंतर ६० वर्षे, म्हणजे कवितेइतकीच.

येथेच आपला, म्हणजे मराठीच्या अध्यापकांचा आणि विद्यार्थ्यांचा संबंध येतो. लेखकाच्या एका ओळीसाठी आपण तळटीप देतो. त्याच लेखकाचा फोटो गौरवग्रंथात, वार्षिकांकात छापताना फोटो काढणाऱ्याचे नाव बहुधा देत नाही. बाळाच्या फोटोची प्रत खुशाल करून घ्यावी, कायदा आड येत नाही. तथापि मागे शिक्का असेल, तर त्यावरील स्टुडिओचे नाव नव्या प्रतीच्या पाठीवर उतरवून ठेवावे. विदिशेच्या कारागिरांना तोरणावर एक ओळ मिळाली. रडणारे मूल क्षणभर हसेपर्यंत खुळखुळा वाजवत उभा राहिलेल्या माणसालाही तेवढी मिळावी.