आपण जिंकलो!
आमचे चिटगुप्पा गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे हैदराबाद सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ माझ्या वडिलांना घरचाच वाटे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांच्या हाताखाली या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. वडिलांनी हे सारे वर्तमानपत्रातच पाहिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन भाग झाले. हैदराबाद आंध्र प्रदेशात, मराठवाडा मुंबई राज्यात, आम्ही म्हैसुरात. पुढे संघाचे नावही आंध्र प्रदेश पोलीस झाले. वडील मात्र निकाल वाचून ‘आपण जिंकलो’ असेच म्हणत. राज्यपुनर्रचनेचा धडा शिकवताना मी मुलांना हेही सांगतो.