जुन्या वस्त्रांचा व्यवहार : गोधडी, दान आणि बोहारणीची घासाघीस

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या वस्त्रपरंपरेविषयी आजवर विपुल लेखन झाले आहे. पैठणच्या पैठणीपासून मुंबईच्या कापडगिरण्यांपर्यंत वस्त्र कसे विणले गेले, कोणी विणले आणि ते कोणत्या बाजारात गेले, याची बरीच माहिती अभ्यासकांना उपलब्ध आहे. मात्र हे लेखन प्रामुख्याने नव्या वस्त्राभोवती फिरते. घडी मोडल्यानंतर वस्त्राचे जे दीर्घ आयुष्य सुरू होते, त्याकडे इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच गेले. वास्तविक सामान्य माणसाच्या अंगावर नव्या कापडापेक्षा जुने कापडच अधिक काळ राहिले आहे. थोरल्याचा सदरा धाकट्याला, आईचे लुगडे मुलीच्या परकराला, मालकाचा कोट गड्याला आणि उरलेसुरले बोहारणीला, असा वस्त्राचा प्रवास आपल्या घरोघरी पिढ्यानपिढ्या चालत आला आहे.

या प्रवासाचे टप्पे नोंदवणे आणि प्रत्येक टप्प्यावर देणारा व घेणारा यांच्यातील नाते तपासणे, ही प्रस्तुत लेखाची दोन उद्दिष्टे आहेत. जुन्या वस्त्राची प्रतिष्ठा ते किती विरले आहे यावरून ठरत नाही. ते कोणी, कोणाला आणि कोणत्या नात्याने दिले यावरून ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्या दृष्टीने दारातली घासाघीस ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट सामाजिक इतिहासात महत्त्वाची ठरते.

साधनांचा प्रश्न

या विषयाची लिखित साधने तुटपुंजी आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद ज्या गठ्ठ्यांत बांधून ठेवले जातात त्यांना ‘रुमाल’ म्हणतात. जुना हातकागदही पुष्कळदा चिंध्या आणि गोणपाटाच्या लगद्यापासून तयार होत असे. पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेनेही सुती चिंध्यांपासून कागद करण्याची ही विद्या पुढे चालवली. म्हणजे आपला इतिहास जुन्या कापडावर लिहिला गेला आणि कापडातच बांधला गेला. पण जुन्या कापडाविषयी त्यात फारसे लिहिले गेले नाही.

अशा वेळी भाषा हेच एक महत्त्वाचे साधन ठरते. मराठीत वापरलेल्या कापडाच्या अवस्था दाखवणारे शब्द विपुल आहेत : धडपा, धडुते, फडके, बाळुते, पटकूर, लक्तर, चिंधी, पोतेरे. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. प्रत्येक शब्द वस्त्राच्या आयुष्यातील एक निश्चित पायरी दाखवतो. नेसण्याजोगे राहिले नाही म्हणजे कापड संपले, असे ही भाषा मानत नाही. तान्ह्या बाळाचे बाळुते, स्वयंपाकघरातले फडके, जमीन सारवण्याचे पोतेरे आणि अखेर पहाटेच्या आरतीचा पिळलेला काकडा, इथपर्यंत त्याचे काम चालू राहते.

घरातील वस्त्र : दंड आणि गोधडी

नऊवारी लुगडे काठापदराशी टिकते आणि मध्यभागी आधी विरते. हा विरलेला भाग कापून काढून दोन धड तुकडे एकमेकांस जोडण्याच्या क्रियेला ‘दंड घालणे’ म्हणतात. दंड घातलेले लुगडे नेसणे हे गरिबीचे लक्षण होते, परंतु ते लाजिरवाणे नव्हते. सुईदोऱ्याने संसार सावरणाऱ्या गृहिणीचा हात त्यात दिसत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारने कापड व सुतावर नियंत्रण आणले. ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्दप्रयोग त्या काळापासून मराठी घरांत रुजला. अशा काळात ठिगळ, रफू आणि दंड यांनीच अनेक घरांची अब्रू झाकली.

गोधडी अथवा वाकळ हे या गृहव्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण होय. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने ती शिवली जाते. नवे कापड यासाठी चालत नाही. अनेक धुण्यांनी मऊ झालेले कापडच अंगाला ऊब देते. प्रस्तुत लेखिकेच्या आजोळच्या गोधडीत आजीचे हिरवे इरकली लुगडे, आजोबांच्या धोतराचे अस्तर आणि मामांच्या शाळेतल्या खाकी चड्डीचे चौकोन होते. ती पांघरून झोपताना कोणता तुकडा कोणाचा, हे विचारण्याचा आम्हा मुलांना नाद होता आणि प्रत्येक तुकड्याला आजीजवळ उत्तर असे. ज्या घरात वंशावळ लिहिलेली नाही, पत्रे जपलेली नाहीत आणि छायाचित्र एखाददुसरेच आहे, त्या घरात गोधडी हेच दफ्तर असते. आवडते वस्त्र नेसून संपल्यावरही त्याला घरात ठेवून घेण्याची ही रीत आहे. येथे जुने वस्त्र म्हणजे माया होय, कारण देणारा आणि घेणारा एकाच छताखाली आहेत.

कृत्रिम धाग्याने या व्यवस्थेला धक्का दिला. टेरिकॉट आणि नायलॉनचे कपडे विरत नाहीत, पण पाणीही शोषत नाहीत. त्यांचे बाळुते होत नाही आणि त्यांच्या गोधडीला सुती गोधडीची ऊब नसते. घरात मुरणारे कापड कमी झाले आणि घराबाहेर जाणारे कापड वाढले.

वरून आलेले वस्त्र : सन्मान आणि हीनता

घराचा उंबरा ओलांडल्यावर मात्र जुन्या वस्त्राचा अर्थ बदलतो. मोगल दरबारात बादशहाने स्वतः वापरलेले वस्त्र मिळणे हा मोठा सन्मान समजला जाई. मराठेशाहीत पेशवेपदाची ‘वस्त्रे’ छत्रपतींकडून स्वीकारली जात. वस्त्र हेच तेथे अधिकाराचे चिन्ह होते. देवीला नेसवलेली साडी आजही प्रसाद म्हणून भक्तिभावाने घेतली जाते. दुसऱ्याच्या अंगावरचे वस्त्र या सर्व ठिकाणी घेणाऱ्याला मोठे करते.

याच्या नेमके उलट चित्र जातिव्यवस्थेच्या तळाशी दिसते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत असे विधान आहे. महाराष्ट्रातील गावगाड्यात मृताच्या अंगावरील कापड हा महारांच्या परंपरागत हक्कांपैकी एक मानला जाई. ‘हक्क’ या शब्दाने येथे फसून जाता कामा नये. ज्या हक्कात नकार देण्याची मुभा नाही, तो हक्क म्हणजे बंधनच होय. बादशहाच्या अंगावरून उतरलेला अंगरखा आणि प्रेतावरून उतरलेले कापड, दोन्ही वापरलेलीच वस्त्रे. परंतु पहिले घेणाऱ्याला दरबारात पुढे बसवते आणि दुसरे गावाबाहेर ठेवते.

या संदर्भात १९२७ सालच्या डिसेंबरमधील महाड परिषदेकडे पाहावे लागते. २५ डिसेंबर रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणात वस्त्रांचा विषय आवर्जून घेतला. आपली जात ओळखू येईल असा पेहराव सोडावा, वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ असावे, असा त्या उपदेशाचा आशय होता. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोलाचा आहे. बाबासाहेबांचा आक्षेप जुन्या कापडाला नव्हता. कोणी काय आणि कसे नेसावे हे दुसऱ्याने ठरवण्याला त्यांचा विरोध होता. स्वतःच्या हाताने लावलेले ठिगळ आणि दुसऱ्याने लादलेले कापड यांतील अंतर त्यांनी तेथे स्पष्ट केले.

होळी आणि दान : १९२१ चा वाद

जुने वस्त्र गरिबाला द्यावे की नाही, हा प्रश्न स्वातंत्र्यचळवळीतही उभा राहिला. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथील एल्फिन्स्टन मिलच्या आवारात महात्मा गांधींच्या उपस्थितीत विदेशी कपड्यांची मोठी होळी झाली. त्यावर सी. एफ. अँड्र्यूज यांनी व्यथित होऊन आक्षेप घेतला. रवींद्रनाथ ठाकूर यांनीही, ज्यांच्या अंगावर पुरेसे वस्त्र नाही त्यांच्या देशात कापड जाळणे योग्य आहे काय, या अंगाने टीका केली. गांधीजींची भूमिका वेगळी होती. जे वस्त्र आपण स्वतःला अपवित्र समजून टाकतो तेच गरिबाला देणे हा त्याचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात तथ्य आहे. तथापि या थोर वादात ज्याला ते कापड मिळणार किंवा मिळणार नव्हते, त्या माणसाला कोणी भाव विचारला नाही. दान देणारा आणि दान नाकारणारा, दोघेही त्याच्या वतीने बोलत होते.

याचा पडताळा पुढेही येत राहिला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुने कपडे पोहोचले. त्यांतील पुष्कळसे कोणी न उचलल्यामुळे रस्त्याकडेला ढिगांनी पडून राहिले. आपत्तीतला माणूस गरजू असतो, पण त्याची आवड-निवड संपलेली नसते, हे त्या ढिगांनी दाखवून दिले.

बोहारीण : दारातला बाजार

या पार्श्वभूमीवर बोहारणीचा व्यवसाय तपासला पाहिजे. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचे गाठोडे आणि दुपारच्या निवांत वेळी चाळीत घुमणारी ‘कपड्यांवर भांडीय्’ अशी हाळी, हे चित्र महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. मुंबईत या व्यवसायात गुजरातमधून आलेल्या वाघरी अर्थात देवीपूजक समाजाच्या स्त्रिया मोठ्या प्रमाणात दिसतात. स्टेनलेस स्टील घराघरांत आले तेव्हा पातेली, डबे आणि ताटे या मार्गानेही मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात शिरली. कालांतराने प्लास्टिकच्या बादल्या आणि टबही पाटीत आले.

हा व्यवहार पाहण्याजोगा असे. बोहारीण पँट उजेडात धरी, गुडघा आणि साखळी तपासी, सदऱ्याची कॉलर उलटून पाही, साडी दोन्ही हातांनी ताणून तिचा जीव अजमावी. ‘बाई, हे विरलंय’ असे ती म्हणे आणि गृहिणी ‘दोनदाच नेसलेय’ असे उत्तर देई. एका पातेल्यासाठी तीन साड्या की दोन साड्या आणि एक पँट, यावर अर्धी दुपार सरे. ती गाठोडे बांधून उठे, जिन्यापर्यंत जाई आणि पुन्हा बोलावली जाई. जरीचे कापड असल्यास हिशेब निराळा, कारण जुन्या खऱ्या जरीतून चांदी काढता येत असे. हा सौदा बहुधा दोन स्त्रियांमध्ये होई आणि त्यात पैसा नसल्यामुळे घरातील पुरुषाची परवानगी लागत नसे.

या घासाघिशीचा सामाजिक अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. मोलकरणीला दिलेली जुनी साडी उपकाराचे ओझे घेऊन जाते. ती फाटकी निघाली तरी तक्रार करता येत नाही. बोहारणीला मात्र कापड नाकारता येते. नाव ठेवता येते, भाव पाडता येतो, उठून जाता येते. सामाजिक उतरंडीत ती कितीही खालच्या पायरीवर असली, तरी सौदा चालू असेपर्यंत उंबऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन सारख्या व्यक्ती बसलेल्या असतात.

तिच्याकडून कापड निवडून, धुऊन, दुरुस्त होऊन जुन्या कपड्यांच्या बाजारात जाते. पुण्यात मंगळवार पेठेच्या परिसरात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार सर्वश्रुत आहे. अशा बाजारांतून मजूर, विद्यार्थी आणि नव्याने शहरात आलेली माणसे आपल्या मापाचा, आपल्या पसंतीचा कपडा भाव करून घेतात. तो पूर्वी कोणाचा होता, हे त्यांना ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. पैसे मोजले की वस्त्राचा पूर्वीचा मालक पुसला जातो. नेसण्यापलीकडे गेलेले सुती कापड यंत्रे पुसण्याच्या चिंध्यांत जाते, तर लोकरीचे कपडे हरियाणातील पानिपतच्या कारखान्यांत पिंजून त्यांपासून पुन्हा सूत आणि घोंगड्या तयार होतात.

सद्यःस्थिती

अलीकडच्या काळात चित्र पालटत आहे. स्वस्त तयार कपड्यांमुळे जुन्या कापडाचा भाव उतरला आहे. बंदिस्त गृहसंकुलांच्या फाटकावर बोहारणीला अडवले जाते आणि तिच्या जागी कपडे टाकण्याची पेटी येते. दुसरीकडे शहरी तरुण वर्ग ‘थ्रिफ्ट’ या नावाने समाजमाध्यमांवरून वापरलेले कपडे हौसेने विकत घेऊ लागला आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने ही प्रवृत्ती स्वागतार्ह आहे. मात्र हीच गोष्ट ज्यांनी पिढ्यानपिढ्या डोक्यावर पाटी घेऊन केली, त्यांचे नाव या नव्या हौसेत कोठेही येत नाही. गोधड्याही आता प्रदर्शनांत मांडल्या जातात. त्यांतील पुष्कळशा नव्या कापडाचे तुकडे करून शिवलेल्या असतात. आकार तोच राहिला, पण तुकडा कोणाचा हे सांगणारी आजी त्यांच्यामागे नाही.

निष्कर्ष

१) जुन्या वस्त्राचे मूल्य देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नात्यावर अवलंबून असते. घरात ते माया ठरते, दरबारात सन्मान, गावगाड्यात हीनता आणि दानात उपकार.

२) घासाघिशीत घेणाऱ्याला नकाराचा अधिकार मिळतो. त्यामुळे बोहारणीचा व्यवसाय आणि जुन्या कपड्यांचे बाजार यांच्याकडे केवळ गरिबांची सोय म्हणून न पाहता, वापरलेले वस्त्र उपकाराविना मिळवून देणाऱ्या व्यवस्था म्हणून पाहणे आवश्यक आहे.

३) या व्यवसायातील स्त्रियांचे अनुभव मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदवण्याचे काम महाविद्यालयीन स्तरावर सहज हाती घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या गोधडीतील तुकड्यांची यादी करण्यापासून प्रारंभ करावा. ज्यांच्याजवळ त्या तुकड्यांची उत्तरे आहेत, ती पिढी आज वृद्ध झाली आहे. तिच्या पश्चात गोधडी उरेल, परंतु ती वाचता येणार नाही.