वहीपासून सनदेपर्यंत : ठाणे-कल्याण परिसरातील सी. ए. अभ्यासाच्या वेळेचा इतिहास

हिशेब ही जैन समाजाच्या घराघरांतील जुनी विद्या. रोजमेळ, खतावणी, नावे-जमा यांचे धडे मुलाला पेढीच्या गादीवर बसूनच मिळत. त्या शिक्षणासाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे. काम हाच अभ्यास होता. सनदी लेखापालाच्या परीक्षेने ही घडी मोडली. काम एकीकडे, अभ्यास दुसरीकडे आणि घर तिसरीकडे, अशी दिवसाची वाटणी करणे भाग पडले. ही वाटणी कशी झाली आणि तिच्यासाठी कोणी झीज सोसली, याचा इतिहास ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील अनेक कुटुंबांचा इतिहास आहे.

१९१३ साली मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले आणि वाणिज्य शिक्षणाला विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभली. १९१८ मध्ये मुंबईतच लेखाशास्त्राची सरकारी पदविका आली. परीक्षेबरोबर मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी करावी, अशी तिची अट होती. १ जुलै १९४९ रोजी संसदीय कायद्याने भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली, मुंबईचे गो. प. कापडिया तिचे पहिले अध्यक्ष झाले. उमेदवारीची परंपरा संस्थेने पुढे चालविली. याचा अर्थ असा की, ही परीक्षा मुळातच दिवसभर काम करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी रचलेली होती. मोकळा दिवस तिने कधी गृहीत धरलाच नाही.

ठाणे-कल्याणच्या विद्यार्थ्याच्या दिवसात आणखी एक वाटेकरी होता, तो म्हणजे रेल्वे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली व पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. वाणिज्य शाखेसाठी दीर्घ काळ मुंबईची वाट धरावी लागे. १९६९ मध्ये ठाण्यात जोशी-बेडेकर आणि १९७२ मध्ये कल्याणात बिर्ला महाविद्यालय स्थापन झाल्यावर पदवीपुरती ती पायपीट थांबली. परंतु मोठ्या लेखापरीक्षण पेढ्या फोर्ट व काळबादेवीच्या बाजूस असल्याने उमेदवारीसाठी प्रवास चुकला नाही. कल्याण मुंबईपासून सुमारे ५४ किलोमीटर. घर ते कार्यालय आणि परत, यात रोजचे तीन तास सहज जात. बसायला जागा मिळाली तर तेच वाचनाचे तास ठरत. म्हणून कित्येक डोंबिवलीकर सकाळी उलटे कल्याणला जाऊन तेथून गाडी धरीत. खिडकीजवळची जागा हा आराम नव्हता. ती अभ्यासिका होती.

व्यापारी घरातील मुलाची अडचण याहून निराळी होती. परीक्षा अनेक दशके मे व नोव्हेंबर महिन्यांत होत असे. जुन्या पेढ्यांचे वर्ष दिवाळीला संपे. मेळ जुळविणे, बाकी काढणे, वहीपूजनाची तयारी ही सारी धावपळ नेमकी नोव्हेंबरच्या परीक्षेच्या तोंडावर येई. घरचाच मुलगा हिशेब शिकत असताना त्याला पेढीवर बोलावू नये, असे म्हणणे वडिलांना जड जाई. १९८९ साली आयकरासाठी मार्चअखेरचे एकसमान हिशेबी वर्ष लागू झाले आणि घरचा हा भार हलका झाला. मात्र १९८४ च्या वित्त कायद्याने आलेल्या कर-लेखापरीक्षणामुळे उमेदवारीच्या कार्यालयात पर्युषणानंतरचे आठवडे कामाने भरून गेले. एक ओझे उतरले, दुसरे चढले. मे महिन्याची परीक्षाही निर्वेध नव्हती. चैत्रातील आयंबिल ओळी, अक्षयतृतीयेची पारणी आणि लग्नसराई त्याच दिवसांत येत.

घराच्या जागेचा प्रश्नही लहान नव्हता. दोन खोल्यांत तीन पिढ्या राहत असताना पुस्तके पसरणार कोठे? अशा वेळी सार्वजनिक वाचनसंस्कृती उपयोगी पडली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे. पुढे गावोगावी अभ्यासिकाही निघाल्या. तथापि खरी अभ्यासिका घरच्यांच्या मनात असावी लागते. आजी सामायिकास बसली की अठ्ठेचाळीस मिनिटे घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, तिला हाक मारीत नाही. विद्यार्थ्याच्या वेळेला हीच मर्यादा ज्या घरांनी लावली, तेथे पहाटेचा एक तासही पुष्कळ ठरला. जेथे ती लावली गेली नाही, तेथे अख्खी रजाही पुरली नाही.

ही मर्यादा मुलींच्या व सुनांच्या वाट्याला उशिरा आली, हे मान्य केले पाहिजे. आर. शिवभोगम या १९३३ साली भारतातील पहिल्या महिला लेखापाल झाल्या. तरी पुढे कित्येक वर्षे मध्यमवर्गीय घरांत मुलीचे लग्न दोन परीक्षांच्या मध्ये ठरे आणि अभ्यास सासरच्या वेळापत्रकावर सोपविला जाई. चौविहार पाळणाऱ्या घरात स्वयंपाकघर सूर्यास्तापूर्वी आवरते; रात्र अभ्यासाला मोकळी राहते, असे वरवर वाटते. पण नोकरी करून आठच्या गाडीने परतणाऱ्या सुनेला संध्याकाळचा डबाही पहाटेच करून न्यावा लागे. तिची पहाट डब्यांत जाई आणि रात्र दुसऱ्या दिवसाच्या तयारीत. महिलांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या मैत्रिणींशेजारी जेवढे वाचून होईल, तेवढेच तिचे. किती जणी उत्तीर्ण झाल्या, याची नोंद दप्तरी सापडेल. किती जणींची पुस्तके लग्नानंतर माळ्यावर गेली, याची नोंद कोठेच नाही.

परीक्षेच्या नियमांमुळेही घराला निर्णय घ्यावे लागत. प्रत्येक विषयात ४० आणि गटात सरासरी ५० टक्के गुण हवेत. एखाद्या विषयात ६० गुण मिळाले तर पुढील तीन परीक्षांपुरती त्यातून सूट मिळू शकते. त्यामुळे दोन्ही गट एकदम द्यावेत की एकेक, हा केवळ विद्यार्थ्याचा प्रश्न राहत नाही. नोकरी, वृद्धांचे आजारपण, लहान मूल हे सारे त्या निर्णयात येते. नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांनी एकेक गट घेऊन, दोन वर्षे अधिक लावून सनद मिळविली, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

अलीकडे नियमांनी अभ्यासाच्या वेळेची स्वतंत्र दखल घेतली आहे. २०२३ मध्ये उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आणि तिच्यानंतर अंतिम परीक्षेपूर्वी सहा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. २०२५ पासून अंतिम परीक्षाही जानेवारी, मे व सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होऊ लागली. दिवाळीचा जुना पेच सुटला. आता भाद्रपदातील पर्वांच्या सुमारास परीक्षा येते. पंचांग आणि परीक्षा यांचा मेळ प्रत्येक पिढीला नव्याने घालावा लागतो, तो असा.

जैन परंपरेने आभ्यंतर तपांत स्वाध्यायाबरोबर वैयावृत्त्यालाही, म्हणजे सेवेलाही, स्थान दिले आहे. या संज्ञा मूळच्या धर्मसाधनेतील. तरीही सनदेच्या मागे उभ्या असलेल्या घरांना त्या अर्थपूर्ण वाटतील. एकाने अभ्यास केला आणि दुसऱ्याने दुकान उघडले, दळण आणले, मूल सांभाळले. प्रमाणपत्रावर नाव एकाचेच असते. पुढच्या पिढीत ते नाव सुनेचे असेल, तेव्हा दळण आणणारे हात कोणाचे असतील, याचा विचार प्रत्येक घराने आजच करावा.