जात्यावरील दळण व ओवी (पाटस परिसर)
पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील पाटस व शेजारचा शिरूर तालुका या पर्जन्यछायेच्या मुलुखात, जेथे ज्वारी-बाजरीची भाकरी हेच मुख्य अन्न, तेथे पिठाची गिरणी येण्यापूर्वी पहाटेचे दळण हे स्त्रीचे नित्याचे व अत्यंत कष्टाचे कर्म होते. जात्याचा खालचा दगड स्थिर, वरचा खुंट्याने फिरणारा. गुळगुळीत झालेल्या जात्यास टाकी लावण्याचे काम टाकारी करीत.

समोरासमोर बसून मुठीमुठीने धान्याची वैरण घालणाऱ्या सासू-सुना किंवा जावा-जावा ज्या ओव्या गात, त्यांत माहेर, भाऊराया, सासुरवास आणि, तुकोबांची पालखी पाटसवरूनच रोटी घाट चढत असल्याने येथे विशेष जिव्हाळ्याची, पंढरीची वाट यांचे वर्णन येते. जिचे नाव दप्तरात क्वचितच चढले, त्या स्त्रीची हीच खरी बखर होय, असे प्रस्तुत लेखकास निःशंक वाटते. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या.

यंत्राने हे कष्ट हलके केले, ते इष्टच झाले; लग्नघरी हळद दळताना मात्र जात्याची पूजा अद्यापि होते.