केप्लरच्या आईचा खटला

केप्लरचा ग्रहगतीचा तिसरा नियम १६१९ साली छापून आला. त्याच्या आईवर चेटकीण असल्याचा आळ येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी पदार्थविज्ञान शिकवतो, आणि तो नियम फळ्यावर लिहिला की मुलांना हेही सांगतोच.

काथारिना केप्लर जर्मनीतल्या लेओनबर्गची म्हातारी विधवा. निरक्षर, जिभेने तिखट, झाडपाल्याची औषधं देणारी. उर्सुला राइनबोल्ड नावाच्या बाईशी तिचं बिनसलं. हिने पाजलेल्या कडू पेयाने आपल्याला दुखणं जडलं, असं उर्सुला सांगत सुटली. मग गावाला एकेक आठवू लागलं. कुणाची मुलं दगावली होती. एका मुलीचा हात म्हणे ही नुसती शेजारून गेली तेव्हापासून दुखत होता. मुलासाठी पेला करायला तिने कबर खणणाऱ्याकडे स्वतःच्या बापाची कवटी मागितली होती. तेही आरोपपत्रात गेलं. १६२० च्या ऑगस्टमध्ये तिला अटक झाली. सत्तरी ओलांडलेल्या बाईला साखळदंडात ठेवलं, वर पहारेकऱ्यांचा खर्च तिच्याच मालमत्तेतून!

केप्लर लिंझहून धावून आला. सगळी कारवाई लेखी व्हावी, असा त्याने आग्रह धरला आणि एकेक साक्ष तपासली. ती मुलगी विटांची ओझी वाहत होती, हात त्या ओझ्यांनी दुखावला होता. आई रडत नाही, हाही पुरावा धरला गेला. जन्मभर इतकं रडले की आता आसवंच उरली नाहीत, असं तिचं उत्तर होतं. जगात चेटूक नसतंच, असं केप्लरने कुठेही म्हटलं नाही. या बाईविरुद्ध पुरावा नाही, एवढंच त्याने दाखवलं. त्या काळी कोर्टात जिंकायचं तर हीच वाट होती, आणि ती धरायला मोठी शिस्त लागते.

सप्टेंबर १६२१ मध्ये जल्लादाने तिच्यापुढे छळाची हत्यारं मांडली. शिरन् शीर उपटून काढलीत तरी कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नाही, असं तिने सांगितलं. ती सुटली; पुढच्याच एप्रिलमध्ये वारली.

पंधराव्या ते अठराव्या शतकात युरोपात चेटकाच्या आरोपाखाली चाळीस-पन्नास हजार माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक बायका. त्यांच्या बाजूने कोर्टात उभा राहायला केप्लरसारखा सम्राटाचा गणिती नव्हता.

ग्रहगती शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा खटलाही वर्गात सांगावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.